डोंगराचा आकार आणि विहिरीचे पाणी

शहापूर, मोखाडा, जव्हार, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. पावसाच्या आकडेवारीत ही नावे वरच्या ओळींत असतात आणि एप्रिल-मेमधल्या टँकरच्या यादीतही हीच नावे दिसतात. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या वाड्यांमधल्या बायका होळीनंतर हंडे घेऊन दरीत उतरतात. उलट देशावर, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या एखाद्या गावची जुनी विहीर मे संपेपर्यंत तळाला पाणी धरून असते. नुसत्या पावसाच्या हिशेबाने हा फरक उलगडत नाही. पडलेले पाणी जमिनीत किती मुरते, मुरल्यावर कुठे थांबते आणि कुठून निघून जाते, यावर तो ठरतो. आणि या तिन्ही गोष्टी डोंगर, पठार, पायथा, घळ, ओढा, खोरे यांच्या घडणीशी बांधलेल्या आहेत.

भूरूपांवरून भूजल ओळखण्याची खटपट फार जुनी आहे. गेल्या चाळीस वर्षांत उपग्रहांमुळे तिला वेग आला. शासनाचे नकाशे, पाणलोट विकासाच्या योजना, विद्यापीठांतले प्रबंध असे बरेच काही आज तिच्यावर उभे आहे. म्हणूनच ती नेमके काय सांगू शकते आणि कुठे तिचे काही चालत नाही, हे एकदा नीट तपासायला हवे. माझे मत आधीच सांगतो. आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात भूरूप हा भूजलाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त पुरावा आहे, पण त्याला विहिरीची साक्ष लागते. आपण पहिला पुरावा भरपूर गोळा केला आणि साक्षीदाराला बोलावायचे मात्र राहून गेले.

सुरुवात खडकापासूनच करावी लागेल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी वरचा पृष्ठभाग कुजून तांबडा झाला. हे थर पुस्तकात वाचण्यापेक्षा विहिरीत पाहावेत. पुणे किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातली, आतून न बांधलेली, खडकात खोदलेली एखादी विहीर उन्हाळ्यात काठावर बसून बघा. वर हात-दोन हात माती. तिच्याखाली पिवळट मुरूम, कुदळीने सुटणारा, त्यात पापुद्रे निघणारे गोल धोंडे. मग काळा पाषाण, उभ्या-आडव्या सांध्यांनी चिरलेला. त्याखाली कुठे वीतभर, कुठे कमरेइतक्या जाडीचा तांबडा, गेरूसारखा थर. त्याच्याही खाली राखी-जांभळट मांजऱ्या. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकून पडलेली भोके त्यात दिसतात आणि भोकांत पांढरी-हिरवट खनिजे भरलेली असतात. आता ओल कुठे आहे ते पाहा. मुरूम जिथे पाषाणाला टेकतो तिथे एक ओलसर पट्टा आहे. पाषाणातल्या दोन-चार भेगांतून थेंब गळत आहेत. तांबड्या थराच्या बरोबर वर एक आडवी ओली रेघ आहे आणि तिच्यावर शेवाळ धरले आहे. बाकी सारी भिंत कोरडी ठणठणीत. विहीर मालकाला विचारले तर तो या जागांनाच ‘झरे’ म्हणतो, आणि कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो हे त्याला ठाऊक असते.

या कोरड्या भिंतीतच सगळे गणित दडले आहे. बेसाल्टच्या जलधराची, म्हणजे पाणी धरणाऱ्या थराची, साठवण अतिशय तुटपुंजी असते. देशातल्या भूजल अंदाजाच्या शासकीय पद्धतीत, पाण्याने पूर्ण भरलेल्या बेसाल्टमधून त्याच्या घनफळाच्या १ ते ३ टक्केच पाणी मिळेल असे धरले जाते. वाळूच्या गाळासाठी हाच आकडा १६ टक्क्यांच्या आसपास आहे. पावसाचा मुरणारा वाटाही असाच कमी धरला जातो: कुजलेल्या बेसाल्टमध्ये सुमारे ७ टक्के, सांध्यांच्या व भोकांच्या बेसाल्टमध्ये सुमारे १३ टक्के, गंगेच्या गाळाच्या मैदानात २२ टक्के. म्हणजे आपल्या पायाखाली एक मोठे तळे नाही. इमारतीच्या मजल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या छोट्या-छोट्या कोठड्या आहेत, काही एकमेकींना जोडलेल्या, काही बंद. पुणे विद्यापीठाचे श. बा. देवळाणकर यांनी १९८० मध्ये ‘ग्राउंड वॉटर’ या नियतकालिकात दख्खनच्या बेसाल्टच्या जलधारण क्षमतेची मांडणी केली. पुढे हिमांशू कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये या जलधरांची चौकट अधिक स्पष्ट केली: मांजऱ्याचा वरचा भाग आणि त्याच्यावर टेकलेला सांध्यांचा पाषाण मिळून एक जलधर होतो, आणि खालचा अखंड पाषाण त्याचा तळ ठरतो.

हे थर जवळजवळ आडवे असल्यामुळेच भूरूप इथे बोलके होते. कठीण पाषाण कडा धरून उभा राहतो, मांजऱ्या आणि तांबडा थर झिजून मागे सरतात आणि पायरी पडते. सह्याद्रीत भटकणारे या पायरीला पदर म्हणतात. डोंगराच्या पदरातच धनगरवाडे आणि ठाकरवाड्या वसल्या, कारण पाणी तिथेच बाहेर पडते. जानेवारीत डोंगर पिवळा पडला की लांबूनही एखाद्या उंचीवर हिरवी आडवी रेघ दिसते: उंबर, जांभूळ, मध्येच केळीचे एखादे बेट. ती वरच्या जलधराच्या तळाची रेघ आहे. किल्ले बांधणाऱ्यांनी पाण्याची टाकी कोणत्या थरात खोदली हे पाहिले तर त्यांनाही हे उमगले होते असे वाटते. थरांचा किंचित कल बऱ्याच ठिकाणी आग्नेयेकडे असल्याने एकाच डोंगराच्या दोन बाजूंना झऱ्यांची संख्या सारखी नसते. कलाच्या बाजूला पाणी बाहेर येते, उलट बाजू कोरडी राहते. डोंगर मात्र दोन्हीकडून सारखाच दिसतो. भूरूपाच्या वाचनाला पहिली मर्यादा इथेच येते.

इगतपुरी-मोखाड्याचे कोडेही याच रचनेने सुटते. घाटमाथ्याच्या कड्याजवळ जमीन खोल दऱ्यांनी चिरलेली आहे. प्रत्येक जलधर कुठे ना कुठे दरीच्या भिंतीत उघडा पडला आहे. मुरलेले पाणी दिवाळीपर्यंत झऱ्यांतून वाहून जाते, कारण त्याला अडवणारा मुरमाचा जाड थर उतारावर टिकलेलाच नाही. कोठडी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात भरते. त्यानंतरचा दोन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यावरून वाहून जातो. अशा ठिकाणी अधिक खोल बोअर घेणे हा उपाय नव्हे. झऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी मुरवणे आणि झऱ्याच्या तोंडाशी साठवणे, एवढेच तिथे करण्यासारखे उरते, आणि ते मनापासून केले तर पुष्कळ आहे.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने हे ज्ञान प्रशासनाच्या भाषेत आणले. राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली आणि प्रत्येक पाणलोटाचे भूरूपानुसार तीन भाग पाडले: वरचे अपधाव क्षेत्र, मधले पुनर्भरण क्षेत्र, खालचे साठवण क्षेत्र. ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाच्या कामातला मंत्र याच क्रमाचा आहे. माथ्यावर समतल चर, मधल्या पट्ट्यात माती अडवणारे बांध आणि नालाबांध, खाली विहिरी. भूजलाच्या अंदाजात २० टक्क्यांपेक्षा जास्त उताराचा डोंगराळ भाग पुनर्भरणासाठी मोजलाच जात नाही. मैदानी हिशेबासाठी ते ठीक असेल, पण सह्याद्रीच्या वाड्या ज्या झऱ्यांवर जगतात त्यांचे पुनर्भरण बरेचदा याच वगळलेल्या उतारांच्या माथ्यावरच्या छोट्या सपाटीतून होते. कागदावर शून्य धरलेल्या जागेची निगा कोण राखणार, हा प्रश्न मला टोचतो.

या सगळ्याच्या कितीतरी आधी लोकांनी जमीन वाचली होती. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा संपूर्ण अध्याय जमिनीखालच्या पाण्याच्या खुणांना दिला. झाडे, वारुळे, मातीचा रंग, दगडाची जात यांवरून किती खोलीवर पाणी लागेल याचे आडाखे त्यात आहेत. सगळे आडाखे टिकणारे नाहीत, पण वनस्पती आणि माती यांच्याकडे पाहण्याची दिशा खरी आहे. आजचा पाणाड्याही हातातल्या नारळाआधी ओढ्याचे वळण आणि उंबराचे झाड बघून घेतो, आणि त्याला आलेल्या यशातला मोठा वाटा त्या नजरेचा असतो. माझ्या मते या परंपरेतले सर्वांत भव्य उदाहरण तापीकाठी बऱ्हाणपूरला आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने तिथे कुंडी भंडारा बांधला. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे सरकते, हे त्याने ओळखले आणि त्या वाटेवर जमिनीखाली एक बोगदा काढून ते पाणी वाटेतच उचलले. बोगद्याच्या वर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या आहेत. आत उतरले की पाणी पायांशी वाहताना दिसते आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले दिसतात. पंप नाही, इंधन नाही. पाणी केवळ उताराने शहरात येते. त्याच सुमारास मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याचे पाणी नहरीने आणले. दोघांनीही पाण्यासाठी खोल जाण्याऐवजी जमिनीचा उतार वापरला.

शास्त्राने हेच तत्त्व विसाव्या शतकात गणितात बसवले. हंगेरीत जन्मलेले आणि कॅनडात काम केलेले योझेफ टोथ यांनी १९६३ मध्ये दाखवले की चढउताराच्या जमिनीखाली भूजलाचे प्रवाह एकात एक गुंतलेले असतात. जवळच्या टेकडीवरून जवळच्या ओढ्यात जाणारा स्थानिक प्रवाह, त्याच्याखाली मधला, आणि सर्वांत खाली मोठ्या डोंगररांगेपासून मुख्य नदीपर्यंत जाणारा प्रादेशिक प्रवाह. टेकडीवर पाणी आत जाते, खोलगटात बाहेर येते. मात्र टोथ यांचे प्रतिमान एकजिनसी खडकाचे होते. आपल्याकडचा थराथरांचा खडक पाण्याला उभे जाऊ देण्यापेक्षा आडवे जाऊ देतो, म्हणून इथे स्थानिक प्रवाह जोरकस आणि प्रादेशिक प्रवाह बहुतेक ठिकाणी क्षीण. भूजलाची पातळी जमिनीच्या चढउताराची सौम्य नक्कल असते, हे तर प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. हाइटजेमा आणि मिचेल-ब्रुकर यांनी २००५ मध्ये हा समज तपासला. खडकातून पाणी सहज वाहत नसेल आणि पाऊस भरपूर मुरत असेल तरच तो खरा ठरतो. खडक मोकळा आणि पाऊस कमी असेल तर पातळी जमिनीच्या आकाराकडे लक्ष न देता सपाट राहते. देशावर याचा अनुभव एकाच वर्षात येतो. सप्टेंबरमध्ये विहिरींच्या पातळ्या टेकडीच्या आकाराप्रमाणे चढत-उतरत जातात; उपसा सुरू झाला की मार्चमध्ये ती नक्कल पुसली जाते आणि पातळी कोणाचे पंप किती तास चालतात यावर ठरू लागते. भूरूपाचा नकाशा मात्र दोन्ही महिन्यांत तोच.

काळ्या खडकाबाहेर पडलो की चित्र बदलते. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात बझाडा आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी इथे आणलेले गोटे, रेती आणि गाळ पंख्याच्या आकारात पसरत एकमेकांत मिसळले आहेत. सातपुड्यातून खळाळत येणारी नदी या पट्ट्यात शिरली की काही अंतरावर पात्रातच दिसेनाशी होते. पुढे नुसते गोटे. इथली भूरूपाची साक्ष अगदी निःसंदिग्ध आहे: पाणी मुरवायचे तर वरच्या, जाड गोट्यांच्या पट्ट्यात. केळीच्या बागांनी हा साठा इतका उपसला की यावल आणि रावेरची गणना अतिशोषित क्षेत्रांत झाली. तापीचे पुराचे पाणी कालव्यांनी या पट्ट्यात आणून मुरवायच्या महापुनर्भरण योजनेची चर्चा वर्षानुवर्षे चालली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात तिचा करार झाला. जागेची निवड भूरूपाच्या दृष्टीने योग्य आहे, एवढे निश्चित.

पण तिथून थोडे पूर्वेला पूर्णेच्या खोऱ्यात चला. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला हा गाळाचा सपाट प्रदेश उपग्रहाच्या चित्रात उत्कृष्ट साठवण क्षेत्र दिसतो. जाड गाळ, जवळजवळ शून्य उतार, नदी शेजारी. प्रत्यक्षात हा खारपाणपट्टा आहे. पाणी आहे, पण ते ना पिण्याचे ना पिकाचे. जमिनीचा आकार पाण्याची चव सांगत नाही. नकाशावर गडद निळ्या रंगात रंगलेल्या या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या मूतखडे आणि खारे पाणी सोसणाऱ्या माणसांची आठवण ठेवूनच हा नकाशा वाचला पाहिजे.

शिरपूरचा धडाही तापीच्याच खोऱ्यातला. भूजल यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून त्यांत बंधाऱ्यांची साखळी बांधली. तापीच्या गाळाच्या भागात वरची चिकण पिवळी माती पाणी आत जाऊ देत नाही. ती कापून खालच्या वाळूपर्यंत पोचले की पुनर्भरण होते. खडकाच्या भागातही त्यांनी थर पाहून काम केले. यश दिसले आणि मग ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. त्याच्याबरोबर जेसीबी गेले. थर पाहण्याची सवय मात्र सोबत गेली नाही. जलयुक्त शिवार योजनेच्या काळात जिथे नाल्याच्या तळाशी दोन-तीन मीटर मुरूम हाच काय तो जलधर होता, तिथे तो मुरूमच उकरून काठावर टाकला गेला. असा खोल नाला पावसाळ्यात पाण्याने भरलेला दिसतो, त्याची छायाचित्रेही सुंदर येतात. पावसाळा संपल्यावर मात्र तो दोन्ही काठांच्या शेतांखालचे पाणी स्वतःकडे ओढून घेतो, आणि शेजारच्या विहिरी आधीपेक्षा लवकर उतरतात. नाला हे भूरूप दोन्हीकडे सारखेच दिसते; त्याच्या तळाखाली काय आहे याने परिणाम उलटा होतो.

कोकण आणि गोव्याचा जांभा हे आणखी वेगळे प्रकरण. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, गोव्यातली पठारे, वर घाटमाथ्यावर महाबळेश्वर-पाचगणीची सपाटी, सगळीकडे जांभ्याची टोपी आहे. तो सच्छिद्र आहे, पाऊस भराभर पितो. त्याच्याखाली पांढरट-जांभळट चिकण माती असते आणि तिच्यावरून घसरत पाणी पठाराच्या कडेला बाहेर पडते. गोव्यात वेर्ण्याच्या पठाराच्या कडेचा केसरव्हाळचा झरा असाच. कोकणातली वाडी, तिची पोफळीची बाग आणि तिचा व्हाळ पठाराच्या कडेखाली का असतात, याचे उत्तर या मातीच्या थरात आहे. म्हणून सड्यावर काहीही केले, चिऱ्यांच्या खाणी काढल्या, प्लॉट पाडून काँक्रीट ओतले, तर त्याचा परिणाम खालच्या वाडीच्या झऱ्यावर होतो. सडा मात्र महसुली कागदांत बहुधा पडीक असतो. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी भूजल पातळीच्या खाली गेल्या आणि पाणी उपसून टाकत राहिल्या, तेव्हा पायथ्याच्या गावांनी आटलेल्या विहिरींच्या तक्रारी केल्या. त्या तक्रारी भूरूप समजणाऱ्याला कोड्यात टाकणाऱ्या नव्हत्या.

आता उपग्रहांकडे. १९८७ च्या दुष्काळानंतर पिण्याच्या पाण्याच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी देशभराचे भूरूप आणि भूजल यांचे नकाशे तयार झाले, पुढे ते १:५०,००० या प्रमाणावर आले. विहीर कुठे घ्यावी हे ठरवताना या नकाशांनी खरोखर मदत केली. २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची सर्वांना उपलब्ध झाली आणि उतार, ओढ्यांची घनता, पाणी साचण्याचा निर्देशांक हे सगळे संगणकावर काढता येऊ लागले. नंतर मात्र एक साचा पडला. उतार, खडक, ओढ्यांची घनता, भेगांच्या रेषा, जमिनीचा वापर, पाऊस असे सहा-सात नकाशे घ्यायचे, टॉमस साटी यांच्या पद्धतीने प्रत्येकाला महत्त्वाचे गुण द्यायचे, बेरीज करायची आणि ‘भूजल संभाव्यता’ म्हणून पाच रंगांचा नकाशा छापायचा. गुण देणारा माणूस त्या तालुक्यात कधी गेला होता का, हे त्यात कळत नाही. उतार आणि ओढ्यांची घनता या बेसाल्टमध्ये बऱ्याच अंशी एकाच गोष्टीची दोन मोजमापे आहेत, तरी दोन्ही वेगवेगळी मोजली जातात. आणि भेगांच्या रेषा! चित्रातली प्रत्येक सरळ रेषा पाण्याची वाट नसते. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून उभ्या भिंतींसारखे शेकडो डाइक घुसलेले आहेत, जमिनीवर ते लांबच लांब सरळ उंचवटे दिसतात. डाइक अखंड असेल तर तो पाण्याला बांधासारखा अडवतो आणि वरच्या अंगाची विहीर भरते, खालची कोरडी राहते. तो चिरफाळलेला असेल तर उलट तोच पाणी वाहून नेतो. आकाशातून दोन्ही सारखेच. हे शेजारच्या चार विहिरी मोजल्या की एका दिवसात कळते.

सीमांचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. आपली मोजणी आणि योजना पाणलोटाच्या रेषेवर चालतात, म्हणजे पावसाचे पाणी जिथे विभागले जाते त्या डोंगरधारेवर. जमिनीखालच्या पाण्याला ती धार मान्य असेलच असे नाही. हिमालयात हे ठळकपणे पुढे आले. तिथले थर कललेले आणि घड्या पडलेले असल्याने झऱ्याचे पुनर्भरण क्षेत्र कित्येकदा डोंगराच्या पलीकडच्या पाणलोटात असते. सिक्कीमने २००८ पासून धारा विकास कार्यक्रमात थरांचा कल मोजून मग चर खोदण्याची जागा ठरवली आणि झरे परत वाहते झाले. आपल्याकडे कल थोडा असला तरी पाणी त्यानेच सरकते. कायद्याची सीमा त्याहून ढोबळ आहे. १९९३ च्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या भूजल कायद्याने सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली. हेतू चांगला, पण गोल वर्तुळ काढून जलधर जपला जात नाही. चढाच्या बाजूला, त्याच थरात, ६०० मीटरवर घेतलेली विहीर गावाचे पाणी तोडू शकते. उताराच्या बाजूला, वेगळ्या थरातली २०० मीटरवरची विहीर कदाचित काहीच बिघडवणार नाही. भूरूप आणि थर दोन्ही पाहून आखलेली लांबट, वेडीवाकडी हद्द कायद्याला आज ना उद्या स्वीकारावी लागेल. हिवरे बाजारने ती वाट आधीच धरली. डोंगरांच्या कुशीतल्या या गावाने माथ्यापासून काम केले, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या. लोक पहिल्या दोन गोष्टींचे कौतुक करतात. माझ्या समजुतीप्रमाणे तिसरी नसती तर पहिल्या दोन टिकल्या नसत्या, कारण जे पाणी उथळ जलधरात मुरवले ते खोल छिद्रांतून खालच्या थरांत निसटले असते.

तीच तिसरी गोष्ट, म्हणजे खोल बोअर, भूरूपाच्या वाचनाची खरी वेस आहे. जमिनीचा आकार उथळ पाण्याबद्दल बोलतो. मुरूम, मांजऱ्या, पहिल्या दोन-तीन थरांपर्यंत त्याची साक्ष ग्राह्य आहे. लातूर किंवा बीडमध्ये दोनशे-तीनशे मीटरवर बोअर घेताना वरची टेकडी आणि ओढा यांचा आधार जवळजवळ संपलेला असतो. त्या खोलीवर चुकून लागलेले पाणी जुने, थोडे आणि भरून यायला अतिशय मंद असते. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हा या खोलवरच्या बोअर तिथे भरपूर होत्या. २००९ च्या भूजल अधिनियमाने शेती आणि उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींना मनाई केली आहे. ही मर्यादा सगळीकडे सारखीच योग्य आहे असे नाही, पण तिच्यामागची समज बरोबर आहे.

विहिरीची साक्ष म्हणतो ती इथे हवी. भूजल यंत्रणा जवळपास ४,००० निरीक्षण विहिरींच्या पातळ्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजत आली आहे. दशकांचा हा अमूल्य ठेवा आहे, पण त्यात सरासरी ७५-८० चौरस किलोमीटरमागे एक विहीर येते, आणि बेसाल्टमध्ये जलधर एका शिवारात बदलतो. दरम्यान गावोगाव दररोज बोअर घेतल्या जातात. गाडी उभी राहते, हवेच्या दाबाने चुरा वर उडतो. आधी पिवळा मुरूम, मग काळा भुगा, मग अचानक तांबडी भुकटी, म्हणजे गेरूचा थर आला. मग ओलसर राखी चिखल, आणि पाणी. किती फुटांवर काय आले हे गाडीवाल्याला माहीत असते, मालकाला बिलापुरते माहीत असते, आणि संध्याकाळपर्यंत तो चुरा बांधावर वाऱ्याने उडून जातो. एका गावातल्या पन्नास बोअरची अशी नोंद उंचीच्या नकाशावर मांडली तर तांबडा थर कुठून कुठे उतरतो, कोणत्या टेकडीचे पाणी कोणत्या विहिरीत येते, नाला कुठपर्यंत खोल करावा, हे सगळे त्या गावापुरते समजू शकते. अधिनियमात खोदाईच्या यंत्रांची नोंदणी आहेच. दर दहा फुटांच्या चुऱ्याची नोंद ग्रामपंचायतीत जमा केल्याशिवाय गावात बोअरची गाडी चालवायची नाही, असा ठराव कोणत्याही ग्रामसभेला येत्या बैठकीत करता येईल.